३१ वर्षांनंतर ६० दिवस

गेल्या महिन्यात जुबैलच्या आमच्या वसाहतीत एका सहकाऱ्याचे सामान बांधायला मी गेलो होतो. खेड तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावचे हे गृहस्थ. वयाने मोठे म्हणून आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. १९९४ साली ते सौदी अरेबियात आले आणि पाइपलाइनच्या कामावर हेल्परपासून फोरमनपर्यंत पोहोचले. खोका नायलॉनच्या दोरीने आवळून झाला, चारही बाजूंनी मार्करने नाव, गाव आणि मुंबई असे लिहून झाले, आणि वजनकाट्यावर ठेवला तर दोन किलो जास्त भरला. चाचांनी दोरी सोडली. नातवाची खेळणी आणि दूध पावडरीचे डबे तसेच ठेवून त्यांनी आपला पाइप पाना आणि लेव्हल बाहेर काढली, माझ्या हातात दिली आणि विचारले, "इथे मिळते तीच इन्सुलिन चिपळूणला मिळेल ना?"

चाचांचा खुरूज लागला होता. खुरूज म्हणजे कायमचे देश सोडण्याचा शिक्का. तो निघाला की ६० दिवसांच्या आत देश सोडावा लागतो. कंपनीचे कंत्राट संपले, नव्या कंत्राटात साठी ओलांडलेला मधुमेही फोरमन नको होता, आणि ज्याच्या नावावर इकामा तो कफील नको म्हणाला की ३१ वर्षांच्या वास्तव्याला कायद्याच्या दृष्टीने काहीही अर्थ उरत नाही.

ज्यांचा आखाताशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. इकामा म्हणजे इथे राहण्याचा परवाना. तो कामगाराच्या स्वतःच्या हक्काने मिळत नाही, कफिलाच्या, म्हणजे पुरस्कर्त्या मालकाच्या, जबाबदारीवर मिळतो. बँकेचे खाते, घरभाडे, गाडीचा परवाना, दवाखाना, मुलांची शाळा हे सारे त्या एका कार्डावर उभे असते. कफालत या शब्दाचा मूळ अर्थ हमी घेणे असा आहे. एका अनोळखी परक्याची हमी कोणीतरी स्थानिकाने घ्यावी, ही कल्पना मला समजते. पण जो माणूस तीन दशके त्याच शहरात राहिला, ज्याच्या बोटांचे ठसे, कराराची नोंद, वैद्यकीय तपासण्या आणि पगाराचा प्रत्येक रियाल सरकारच्या संगणकात आहे, त्याची हमी अजून तिसऱ्याच माणसाने का घ्यावी, हे मात्र मला २६ वर्षांत समजलेले नाही.

बदल झाले नाहीत असे मी म्हणणार नाही. मार्च २०२१ पासून सौदीत एक वर्षाची नोकरी पूर्ण केलेल्या कामगाराला जुन्या मालकाच्या संमतीशिवाय नव्या मालकाकडे जाता येते आणि सुट्टीवर जाण्याचा एक्झिट री-एंट्री व्हिसा स्वतः काढता येतो. पूर्वी नकल कफाला करायचा, म्हणजे एका कफिलाकडून दुसऱ्याकडे जायचे, तर जुन्या मालकाच्या तनाझुलच्या, म्हणजे कामगाराला सोडत असल्याच्या, कागदासाठी लोकांनी महिनोन्महिने पगार सोडून दिलेले मी पाहिले आहेत, म्हणून या सुधारणेचे मोल मला कळते. परंतु घरकामगार, घरगुती ड्रायव्हर, माळी आणि मेंढपाळ, म्हणजे ज्यांना तिची सर्वाधिक गरज होती तेच, तिच्यातून वगळले गेले. आणि मालक बदलता आला तरी मालक असावाच लागतो. पंचविशीतल्या इंजिनिअरला ही सुधारणा उपयोगी पडली. चाचांना या वयात कोणताही दुसरा कफील घेणार नव्हता, त्यामुळे कायद्याने दिलेला हक्क त्यांच्यासाठी कागदावरच राहिला.

मालकाच्या चुकीची शिक्षा कामगाराला कशी होते हे मी स्वतः भोगले आहे. २०११ साली निताकात नियम आला. कंपनीत ठरावीक प्रमाणात सौदी नागरिक नसतील तर ती लाल यादीत जाते आणि तिच्या कामगारांचे इकामे नूतन होत नाहीत. २०१३ च्या सुरुवातीला माझी तेव्हाची कंपनी लाल यादीत गेली. माझा इकामा चार महिने संपलेला राहिला, बँक खाते गोठले, आणि धाकट्याला ताप आला तेव्हा शेजाऱ्याच्या ओळखीने एका खासगी डॉक्टरकडे रोख पैसे देऊन औषध आणावे लागले. त्या चार महिन्यांत मी रोज कामावर जात होतो. सरकारने त्या वर्षी स्थिती नियमित करण्यासाठी नोव्हेंबरपर्यंत मुदत दिली, तिचा आधार घेऊन मी दुसऱ्या कंपनीत गेलो आणि वाचलो. माझा दोष एवढाच होता की माझ्या राहण्याचा परवाना माझ्या नावावर नव्हता.

पुढे जुलै २०१७ मध्ये कुटुंबातल्या प्रत्येक अवलंबितावर दरमहा १०० रियाल शुल्क बसले, ते दरवर्षी १०० ने वाढत २०२० साली ४०० झाले. माझ्यामागे पत्नी आणि दोन मुले. २०१९ मध्ये महिन्याला ९०० रियाल म्हणजे वर्षाला १०,८०० रियाल भरायचे होते, पुढच्या वर्षी १४,४००. २०१९ च्या मार्चमध्ये शाळेचे वर्ष संपले तसे मी तिघांना पुण्याला पाठवले. थोरली मुलगी इथे जन्मली, इथल्या भारतीय शाळेत शिकली, आणि पुण्यात तिला पहिले वर्ष सगळे 'नवीन आली का?' असे विचारत राहिले. त्याच वर्षी मे महिन्यात सौदी सरकारने कफिलाविना राहण्याची सोय जाहीर केली: कायमच्या प्रीमियम इकाम्यासाठी ८ लाख रियाल, एका वर्षासाठी १ लाख. आमच्या वसाहतीत ही बातमी मोठ्याने वाचली गेली आणि कोणीच काही बोलले नाही.

जानेवारी २०२४ मध्ये त्यात आणखी वर्ग आले: विशेष गुणवत्ता असलेले, गुंतवणूकदार, उद्योजक आणि ४० लाख रियालच्या घराचे मालक. शुल्क फक्त ४,००० रियाल. हे शुल्क आमच्यातला कोणीही भरू शकेल, पण कोणत्याही वर्गात बसणार नाही, कारण इथे घालवलेल्या वर्षांचा वर्गच नाही. संयुक्त अरब अमिरातीचे तसेच. तिथे ५५ वर्षांवरच्या आणि १५ वर्षे नोकरी केलेल्या माणसाला निवृत्तीचा व्हिसा मिळतो हे वाचून बरे वाटते, मात्र त्यासोबत १० लाख दिऱ्हमची बचत, तेवढ्याच किमतीची मालमत्ता किंवा मोठे मासिक उत्पन्न दाखवावे लागते. वर्षे मोजली जातात, पण पैशांच्या जोडीनेच. कतारने मात्र २०१८ च्या कायद्यात कायम वास्तव्यासाठी २० वर्षांचे वास्तव्य ही अट लिहिली, उत्पन्नाची आणि अरबी भाषेच्या ज्ञानाची अट जोडली आणि वर्षाला साधारण १०० जणांची मर्यादा घातली. संख्या नगण्य आहे, तरी दीर्घ वास्तव्यातून हक्क निर्माण होऊ शकतो हे तत्त्व आखातातल्याच एका देशाने मान्य केले आहे. माझी सारी मागणी त्या तत्त्वावर उभी आहे.

यजमान देशांची भीती मी हलकी मानत नाही. २०२२ च्या जनगणनेत सौदीच्या ३ कोटी २२ लाख लोकसंख्येत १ कोटी ३४ लाख परदेशी होते. अमिराती आणि कतारमध्ये तर स्थानिकच अल्पसंख्य आहेत. आपल्याच देशात आपण थोडे उरू, ही चिंता कोणालाही वाटेल. म्हणूनच मी नागरिकत्व मागत नाही, मतदान मागत नाही, सरकारी अनुदान मागत नाही. ज्याने २० वर्षे सलग कायदेशीर वास्तव्य केले आणि ज्याच्यावर गुन्हा नाही, त्याला पाच वर्षांचा, स्वतःच्या नावाचा, नूतन करता येणारा इकामा मिळावा, आणि शुल्क त्या ४,००० रियालच्या आसपास असावे. म्हणजे नोकरी गेली तरी तो दोन-चार महिने दुसरे काम शोधेल, लहान धंदा करेल किंवा आपल्या सोयीने, मान राखून घरी परतेल.

इकाम्यावरच्या हुद्द्याचाही प्रश्न याला जोडलेला आहे. चाचांच्या कार्डावर शेवटपर्यंत 'आमिल' म्हणजे मजूर असेच होते, कारण १९९४ साली कफिलाकडे त्याच हुद्द्याचा व्हिसा होता आणि नंतर कोणी तो बदलून दिला नाही. मजुराला कुटुंबाचा व्हिसा मिळत नाही. दर दोन वर्षांनी दोन महिने सुट्टी धरली तर ३१ वर्षांत हा माणूस जेमतेम अडीच वर्षे आपल्या घरी राहिला. निघताना सेवासमाप्तीची रक्कम मिळाली ती पहिल्या पाच वर्षांची प्रत्येकी अर्धा महिना आणि पुढच्या वर्षांची प्रत्येकी एक महिना, म्हणजे साडेअठ्ठावीस महिन्यांचा पगार. निवृत्तिवेतन नाही, कारण परदेशी कामगारासाठी इथल्या सामाजिक विम्यात कामावरच्या अपघातापुरताच हप्ता जातो.

आपल्या सरकारबद्दलही एक सांगायचे आहे. कामगार पाठवताना करार, किमान वेतन आणि विमा यांवर आपण बोलतो आणि ते आवश्यकच आहे, पण ती सारी भाषा पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या तरुणाची आहे. तीस वर्षे राहिलेल्या माणसाचा विषय भारताने वाटाघाटीत मांडावा, असे मला मनापासून वाटते.

यासाठी मी दूतावासाला देण्याचे एक निवेदन तयार करत आहे. आखातात २० किंवा अधिक वर्षे झालेल्या मराठी मंडळींनी आपला देश, एकूण वर्षे, प्रत्यक्ष करत असलेले काम आणि इकाम्यावर लिहिलेला हुद्दा एवढे चार तपशील मला मेसेजमध्ये कळवावेत. नाव किंवा कंपनी लिहू नये. चाचांचे तपशील त्यांच्या परवानगीने मी पहिल्या ओळीत लिहिले आहेत: सौदी अरेबिया, ३१ वर्षे, पाइपिंग फोरमन, आमिल.