पन्नास रुपये दंड? बैलाला अर्धमेला करण्याचा?

काल दुपारी दीड वाजता, पारा 44 च्या वर असताना, हार्डवेअरच्या दुकानापासून शंभर पावलांवर एक बैल डांबरावर बसला. बसला कसला, पुढच्या दोन्ही गुडघ्यांवर कोसळला. टायरगाडीत लोखंडी सळया ठासून भरलेल्या, मागची टोकं रस्त्याला घासत होती. गाडीवान खाली उतरला तेव्हा मला वाटलं, आता जू सोडेल. त्यानं शेपटी पिरगाळली. मग पराणी घेतली, बैल हाकायची काठी. पराणीला आर होती, म्हणजे टोकाला लोखंडी अणी, मी दोन हातांवरून पाहिली. रोज एकाच जागी टोचून टोचून तिथले केस गेले होते आणि रुपयाएवढं लाल मांस उघडं पडलं होतं. बैल कुत्र्यासारखा केकाटत नाही. नाकातून जोरात श्वास सोडतो, डोळे पांढरे करतो, बस.

रसवंतीच्या सावलीत वीसेक माणसं उभी होती. दोघांचे मोबाईल वर. एका पोराला म्हटलं, अरे बादलीभर पाणी आण, तर म्हणतो, "ताई, जरा बाजूला व्हा, मध्ये येताय." या मोबाईल धरून उभ्या राहणाऱ्यांची मला मनापासून चीड आहे. हात रिकामा असता तर तो पाणी आणू शकला असता. गाडीवान मला म्हणाला, "मना बैल शे, तुले काय करनं?"

मी तडक पोलीस ठाण्यात गेले. हवालदारानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मेला का बैल?"

म्हटलं, नाही.

"मग?"

रात्रभर हे "मग?" माझ्या कानात घुमतंय. मग म्हणजे काय? मरायची वाट बघायची? म्हणाला, ताई, हे अदखलपात्र आहे, कोर्टाच्या आदेशाशिवाय आम्ही तपास करू शकत नाही. आणि झालाच दंड तर पन्नास रुपये, तुमचं पेट्रोल जास्त जाईल. आवाजात चेष्टा नव्हती, त्याचंच जास्त वाईट वाटलं. तो खरं बोलत होता. 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, कलम 11: मारलं, जास्त ओझं लादलं, उपाशी ठेवलं, पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. तीन वर्षांत पुन्हा केलं तर 25 ते 100, नाहीतर फार तर तीन महिने कैद, किंवा दोन्ही. पण पहिलाच गुन्हा कुणी नोंदवत नसेल तर दुसरा मोजणार कोण? साठहून जास्त वर्षांत त्या पन्नासावर एक रुपयाची वाढ नाही! 1960 साली पन्नास रुपये भरताना माणसाच्या पोटात गोळा येत असेल. आज तेवढ्यात अर्धा लिटर पेट्रोल येतं. दुकानात प्लॅस्टिकची पिशवी सापडली तर पहिल्याच वेळी 5 हजार दंड आहे आपल्याकडे. पिशवीला पाच हजार आणि जित्या जिवाला पन्नास.

आणि हवालदार "मेला का?" असं का विचारत होता, तेही घरी येऊन वाचल्यावर कळलं. भारतीय न्याय संहितेचं कलम 325. जनावर मारून टाकलं, लुळं केलं किंवा निकामी केलं तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा. म्हणजे बैल मेला तर पाच वर्षं, आणि मरणाच्या दारात नेऊन परत गाडीला जुंपला तर पन्नास रुपये. रोज थोडं थोडं मारणाऱ्याला कायद्यानं मोकळाच सोडलाय.

नियम नाहीत असंही नाही. ओझ्याच्या जनावरांचे 1965 चे नियम आहेत. तापमान 37 डिग्रीच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन जुंपायचं नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. टोकदार आर वापरायला बंदी आहे. आपल्या खान्देशात चैत्र लागला की 37 सकाळी अकरालाच होतात! हा नियम पाळला तर पाऊस पडेपर्यंत दुपारी एक गाडी रस्त्यावर दिसायला नको. आमच्या आबांनी यातला एक कागद कधी पाहिला नाही, पण आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, ते दहाच्या आत औत सोडायचे. म्हणायचे, बैल जातो तेव्हा घरातला माणूस जातो.

आणि पोळ्याला हीच माणसं! खांदेमळणीला तूप-हळद, झूल, बाशिंग, पुरणपोळी, स्टेटसला फोटो. त्याच खांद्यावर वैशाखात जखम चिघळते तेव्हा तुमचा बळीराजा, तुमची संस्कृती कुठे असते? लग्नसराईचंही तेच. डीजेच्या भिंतीपुढे वरातीची घोडी थरथरत उभी, तोंडाला फेस, आणि नवरदेवाचे मित्र तिच्या पायाशी फटाक्यांची लड लावतात. दिवाळीत कुत्र्याच्या शेपटीला लड. म्हैस व्याली आणि रेडकू नर निघालं की दूध न पाजता खुंट्याला वाळवतात. सांगायला गेलं की "जनावर आहे ते".

गाडीवान गरीब आहे, मला कळतं. त्याचंही पोट आहे, फेऱ्या कमी पडल्या तर मजुरी कापली जाते. म्हणून तर जास्त संताप दुकानदाराचा येतो. पंख्याखाली बसून "एकाच फेरीत ने" म्हणणारा तो. दंड वाढवा आणि ओझं लादायला लावणाऱ्याला आधी धरा. सुप्रीम कोर्टानं मे 2014 मध्येच सांगितलं होतं की ही शिक्षा पुरेशी नाही, संसदेनं कायदा दुरुस्त करावा. 2022 च्या नोव्हेंबरात केंद्रानं मसुदा काढला, भीषण क्रूरतेला तीन वर्षांपर्यंत कैद, लोकांकडून हरकती-सूचना मागवल्या. तो मसुदा मसुदाच राहिला.

सगळ्यांना तुरुंगात घाला असं मी म्हणत नाही. मला एवढंच हवंय की गुन्हा दखलपात्र व्हावा आणि दंडाचा आकडा ऐकून त्या हवालदारानं खुर्चीतून उठावं. पन्नास रुपयांसाठी कोण उठणार?

आज सकाळी मुद्दाम त्या रस्त्यानं गेले. तीच गाडी दुकानापुढे भरत होती, तोच बैल. दोन्ही गुडघे सोललेले, आणि जखमांवर कुणीतरी गाडीचं जळकं ऑइल फासलं होतं.