९एच कोटिंग केले तरी काळ्या गाडीवर चरे का पडतात?

नवी गाडी घेणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर गेली काही वर्षे एक संदेश सतत पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा: काळ्या गाडीचा रंग नाजूक असतो, म्हणून गाडी ताब्यात घेताच ९एच सिरॅमिक कोटिंग (रंगावर चढवला जाणारा पातळ, कडक संरक्षक थर) करून घ्यावे, ते काचेपेक्षा कठीण असल्याने चरे पडत नाहीत, नंतर रोज कोरड्या फडक्याने पुसले की पुरे, तरीही चरे दिसलेच तर वर्षातून एकदा मशीन पॉलिश करावे, आणि पाणी ओघळून जात असल्याने पाण्याच्या डागांची काळजी मिटते. मऊ रंगाची काळी गाडी मी सहा वर्षे वापरत आहे आणि पहिल्या वर्षी यातली जवळजवळ प्रत्येक सूचना मी निष्ठेने पाळली होती. तीन महिन्यांतच बॉनेटवर जे दिसू लागले, त्यामुळे या संदेशातील एकेक विधान तपासून पाहणे मला भाग पडले.

पहिले विधान ९एच या आकड्याचे आहे आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. खनिजांचा कठीणपणा मोहस मापनश्रेणीने मोजतात. तीत हिरा १० वर आणि क्वार्ट्झ ७ वर असतो. त्यामुळे ९ म्हटले की हिऱ्याच्या खालोखालची जागा डोळ्यांपुढे येते. ९एचमधला एच मात्र पेन्सिलीचा आहे. रंगाच्या थरावर ४५ अंशांच्या कोनात, ठरावीक वजनाखाली, वेगवेगळ्या कठीणपणाच्या पेन्सिली सरकवून कोणत्या पेन्सिलीने खूण पडते हे पाहण्याची ही चाचणी आहे आणि त्या श्रेणीतील सर्वांत कठीण पेन्सिल ९एच असते. पेन्सिलीचे शिसे म्हणजे ग्रॅफाइट आणि चिकणमाती यांचे भाजलेले मिश्रण. त्याने चरा पडला नाही, एवढेच या चाचणीतून सिद्ध होते. आपल्या रस्त्यांवरची धूळ पेन्सिलीच्या शिशाची नसते. दख्खनच्या बेसाल्टची खडी आणि क्रश सँड ज्या खनिजांची बनलेली असते, त्यांपैकी फेल्डस्पारचा मोहस कठीणपणा ६च्या आसपास आणि पायरॉक्सिनचा ५ ते ६ असतो; नदीच्या वाळूत तर ७ कठीणपणाचे क्वार्ट्झ भरपूर सापडते. ज्या सोसायटीशेजारी बांधकाम चालू आहे, तिथल्या गाड्यांवर रोज रात्री हीच भुकटी बसते.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा जाडीचा आहे. कारखान्यातून आलेल्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन भरतात, त्यांपैकी सर्वांत वरचा पारदर्शक क्लिअर कोट ४० ते ५० मायक्रॉनचा असतो आणि त्यावरचे सिरॅमिक कोटिंग जेमतेम एक-दोन मायक्रॉनचे. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज यावा. मऊ क्लिअर कोटवर इतका पातळ पापुद्रा कितीही कडक असला, तरी वाळूचा कण दाबला गेला की खालचा थर दबतो आणि पापुद्रा त्याच्याबरोबर चिरतो. कोटिंग निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. धूळ आणि चिखल त्यावरून लवकर सुटतात, धुताना कमी घासावे लागते, पक्ष्यांची विष्ठा रंगात मुरण्याआधी थोडा अधिक वेळ मिळतो आणि हे फायदे खरे आहेत. चऱ्यांपासून खरोखर अडवणारी गोष्ट म्हणजे पीपीएफ, म्हणजे १५० ते २०० मायक्रॉन जाडीची पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म. ती महाग असते, म्हणून संपूर्ण गाडीला परवडत नसेल तर बॉनेट, पुढचा बंपर आणि दरवाज्यांच्या मुठींमागचे खळगे एवढ्यांना तरी लावावी. पैसे एकाच गोष्टीवर खर्च करायचे असतील, तर माझे मत तिच्या बाजूने आहे.

कोरड्या फडक्याने रोज पुसावे, हा सल्ला मला संदेशातला सर्वांत घातक भाग वाटतो. आपल्याकडे सकाळी सहा-सात वाजता पार्किंगमध्ये जे चालते ते नीट पाहावे: एक बादली, एक फडके आणि ओळीने दहा-बारा गाड्या. तिसऱ्या गाडीपर्यंत बादलीतले पाणी गढूळ होते आणि फडक्याच्या धाग्यांत अडकलेली बारीक वाळू पुढच्या प्रत्येक गाडीवरून फिरत राहते. यात गाडी पुसणाऱ्याचा दोष नाही. त्याला तेवढेच पाणी आणि तेवढाच वेळ दिलेला असतो. माझ्या गाडीचे चरे मला प्रथम रात्री पेट्रोल पंपावर दिसले. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळेच वर्तुळे होती आणि मी डोके हलवले की तीही बरोबर सरकत. प्रत्यक्षात चरे सर्व दिशांना पडलेले असतात, पण जे प्रकाशाच्या वाटेला आडवे असतात तेवढेच चमकतात, म्हणून ती वर्तुळे वाटतात. पांढऱ्या गाडीवरही तेवढेच चरे असू शकतात. तिथे रंग स्वतःच प्रकाश विखुरतो, त्यामुळे चऱ्याची चमक त्यात बुडून जाते. काळा रंग जवळजवळ सगळा प्रकाश शोषून घेतो, म्हणून प्रत्येक चरा उठून दिसतो.

गाडीवर नुसती धूळ असेल तर ती तशीच राहू द्यावी. पुसायचीच असेल तर आधी भरपूर पाणी सोडून धूळ वाहून जाऊ द्यावी, मग शॅम्पूची एक आणि फडके खळबळण्याची दुसरी अशा दोन बादल्या घेऊन मायक्रोफायबरच्या हातमोज्याने छतापासून खाली, दाब न देता धुवावे. दरवाज्यांचा खालचा भाग सर्वांत शेवटी घ्यावा, कारण चाकांनी उडवलेली वाळू तिथेच असते. रोज घातले जाणारे कापडी कव्हरही याच कारणासाठी मी बंद केले: धुळीवर घातलेले कव्हर वाऱ्याने हलले की तेच फडक्याचे काम करते.

वार्षिक मशीन पॉलिशबद्दल थोडक्यात. पॉलिश चरा भरून काढत नाही, चऱ्याभोवतीचा क्लिअर कोट खरवडून पृष्ठभाग चऱ्याच्या तळाशी आणते. दर खेपेला जाणारा थर परत येत नाही, आणि उन्हातील अतिनील किरणांपासून रंगाला वाचवणारा थर तोच असतो. स्वस्तातले पॉलिश पुष्कळदा चऱ्यांत तेलकट भरण घालते. चार-सहा धुण्यांनंतर ते निघून जाते आणि जुने चरे पुन्हा दिसू लागतात.

राहिले पाण्याचे डाग. कोटिंगवर पाणी थांबत नाही, हे अर्धेच खरे आहे. उभ्या दरवाज्यांवरून ते ओघळते, पण छत आणि बॉनेट जवळजवळ आडवे असतात आणि तिथे पाण्याचे गोल, उंच थेंब जागच्या जागी बसून राहतात. पसरलेल्या पाण्यातले क्षार पातळ थरात विखुरतात. थेंबातले मात्र एका लहानशा कड्यात गोळा होतात. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत सूट आहे. बोअरच्या पाण्यात १००० मिलिग्रॅम क्षार असतील आणि त्यातले अर्धा लिटर पाणी गाडीवरच सुकले, तर अर्धा ग्रॅम क्षार पत्र्यावर राहतात. काळा पत्रा उन्हात हात ठेववत नाही इतका तापत असल्याने पुसायला वेळच मिळत नाही. थेंब भिंगासारखे काम करून रंग जाळतात, अशी एक पुरवणीही या संदेशाला जोडलेली असते. ती चुकीची आहे: पत्र्यावरच्या थेंबात किरण त्याच्या वक्रतेच्या त्रिज्येच्या सुमारे चौपट अंतरावर एकत्र येतात आणि थेंबाची उंची त्या मानाने फारच कमी असते. नुकसान करतात ते क्षारच. ताजा पांढरा डाग पाण्यात मिसळलेल्या व्हिनेगरने निघतो, कारण तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो; तसाच उन्हात तापत राहिला तर क्लिअर कोटवर कायमचा ठसा उमटू शकतो.

पाणी वाचवण्याच्या चांगल्या हेतूने अनेक घरांत आरओचे वाया जाणारे पाणी गाडीसाठी साठवतात. गाळलेल्या पाण्यातून काढलेले क्षार त्याच पाण्यात जात असल्याने ते नळाच्या पाण्यापेक्षा अधिक जड असते. पहिली धूळ काढायला ते खुशाल वापरावे, शेवटच्या खळबळण्याला वापरू नये. त्यासाठी मी एसीच्या नळीखाली पाच लिटरचा कॅन ठेवतो. ते हवेतल्या बाष्पाचे पाणी असल्याने त्यात क्षार जवळजवळ नसतात. ऊन चढण्याआधी, सावलीत, बॉनेट आणि छतावर ते ओततो आणि लगेच मोठ्या मायक्रोफायबर टॉवेलने न घासता टिपून घेतो.