टायगर जोडला कसा जायचा?

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन टायगर रणगाड्यावरच्या तुमच्या लेखात त्याची ८८ मिलिमीटरची तोफ आणि चिलखत यांवर भरभरून लिहिलंय, पण तो जोडला कसा जायचा हे राहूनच गेलं. जर्मनीतल्या कासेलच्या हेन्शेल कारखान्यात सांगाडा क्रुपसारख्या पोलाद कारखान्यांतून यायचा, तोफेचा फिरता बुरूज गावातल्याच वेगमान कंपनीकडून, इंजिन मायबाख कंपनीचं. चाकं एकमेकांत गुंतवून बसवलेली. आतलं एक काढायचं तर बाहेरची आधी उतरवा. रेल्वेने पाठवताना तर रुंदी कमी करायला बाहेरची चाकं काढून चाकांवर अरुंद साखळीपट्टे चढवायचे! ५७ टनांची ही धुडं १९४२ ते १९४४ या काळात जेमतेम १,३५०च्या आसपास निघाली. आणि हेन्शेलच्या कारखान्यात सक्तीने आणलेले परदेशी मजूर राबत होते. त्यांच्याबद्दल एक परिच्छेद तरी जोडाच, ही कळकळीची विनंती.