अणुबाँबने शांतता आणली म्हणे!

आमच्या फॅमिली ग्रुपवर चार दिवस एक फॉरवर्ड फिरतोय. 'हिरोशिमानंतर मोठी युद्धं कायमची संपली, अमेरिका-रशियाने एकमेकांवर एक गोळी झाडली नाही, कारण बटण फक्त सर्वोच्च नेत्याच्या हातात असतं, चूक होऊच शकत नाही.' खाली हात जोडलेले इमोजी. मी गप्प बसलो असतो, पण काल भाच्याचा फोन, मामा वक्तृत्व स्पर्धेत मी हेच बोलणारे, पाठपण झालंय. झालं, लिहायला बसलो.

'एक गोळी झाडली नाही' हे तर सरळ खोटं. कोरियाच्या युद्धात रशियन पायलट मिग-15 घेऊन अमेरिकेच्या सेबर विमानांशी लढत होते, विमानांवर खुणा चीन-कोरियाच्या, रेडिओवर कोरियन बोलायची ऑर्डर, आणि सेबर मागे लागलं की तोंडातून निघायचं रशियनच. अमेरिकेलाही कळत होतं, पण दोघंही चिडीचूप.

आता ते बटण. याच्यावरच माझं डोकं फिरलंय. 27 ऑक्टोबर 1962, क्युबाचं संकट, म्हणजे रशियाने क्युबात अणु-क्षेपणास्त्रं आणून ठेवली म्हणून अमेरिकेशी जुंपायची वेळ आली होती ते. त्याच दिवशी क्युबावर रशियन क्षेपणास्त्राने अमेरिकेचं यू-2 हे टेहळणी विमान पाडलं, पायलट गेला (परत तुमची ती 'एक गोळी'). आणि तिकडे समुद्रात बी-59 ही रशियन पाणबुडी, आत अंगाची लाही लाही, बॅटरी संपत आलेली, मॉस्कोशी संपर्क नाही, आणि वर अमेरिकन जहाजं तिला वर काढायला सरावाचे स्फोटक टाकतायत. जहाजांना पत्ताच नाही की खाली एक अणु-टॉर्पेडो आहे! कॅप्टन सावित्स्कीला वाटलं वर युद्ध सुरू झालं, टॉर्पेडो तयार करा म्हणाला. त्याला शांत केलं वासिली अर्खिपोव या वरिष्ठ नौदल अधिकाऱ्याने, जो क्युबाकडे निघालेल्या चार पाणबुड्यांपैकी नेमका हिच्यात होता. हे जगाला कळलं 2002 मध्ये, हवानाच्या परिषदेत, तेही बोटीवरच्याच ओर्लोव नावाच्या अधिकाऱ्याच्या आठवणीतून. इतरांच्या सांगण्यात तपशील थोडे इकडेतिकडे होतात, पण टॉर्पेडो होता यावर वाद नाही. मग सांगा, त्या क्षणी अमेरिकेचे केनेडी आणि रशियाचे ख्रुश्चेव हे सर्वोच्च नेते कुठलं बटण धरून बसले होते?

1983 ची पेट्रोव या रशियन अधिकाऱ्याची गोष्ट सांगतच नाही, तिथे तर इशारा देणाऱ्या कॉम्प्युटरलाच अमेरिकेची पाच क्षेपणास्त्रं येताना दिसली होती, जी नव्हतीच.

बरं, तिसरं महायुद्ध झालं नाही, मान्य. त्यात भीतीचा वाटा होता हेही नाइलाजाने मान्य, दोघं घाबरले म्हणून तर क्युबातली रशियाची क्षेपणास्त्रं निघाली आणि गुपचूप तुर्कस्तानातली अमेरिकेचीपण. पण 'युद्धं संपली' कसली, ती दुसऱ्यांच्या अंगणात गेली, व्हिएतनाम, अंगोला, अफगाणिस्तान.

भाच्याला म्हटलं, भाषण फेकू नकोस, बटणवाला पॅरा काढून तिथे अर्खिपोव घाल. तीन मिनिटांत बसतं का बघतो म्हणाला.