‘आता चालता येतंय ना?’

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मला भेटलेल्या जवळजवळ प्रत्येक माणसाने, मग तो डॉक्टर असो, विमा प्रतिनिधी असो, आमचे मुख्याध्यापक असोत की कोपऱ्यावरची भाजीवाली मावशी, एकच प्रश्न विचारला आहे आणि आता तो कानावर पडला की माझे डोके फिरते. ‘चालता येतंय न्हवं आता? मग झालं की!’ काय झालं? मी चालता यावे म्हणून शस्त्रक्रिया करून घेतलेली नाही. गुडघ्यातला पुढचा अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाडाशी बांधून ठेवणारा पट्टा, ज्याला सगळे एसीएल म्हणतात, तो तुटलेला असतानाही सूज उतरल्यावर सपाट रस्त्यावर मला चालता येत होतेच, आणि तसे ते बहुतेकांना येते. येत नव्हते ते पळणे, बॅडमिंटन खेळताना उडी मारून एका पायावर उतरणे, झटकन दिशा बदलणे आणि जोतिबाच्या डोंगरावरून उतरताना त्या पायावर भरवसा ठेवणे. जे आधीपासूनच येत होते ते पुन्हा येऊ लागले म्हणून माझे अभिनंदन करणाऱ्यांना काय उत्तर द्यावे, हे मला खरोखर कळेनासे झाले आहे.

‘दुर्बिणीतून केलंय म्हणजे किरकोळच’ हे त्याच जातीचे दुसरे वाक्य आहे. बाहेरून चार छोटे व्रण दिसतात, म्हणून पाहणाऱ्याला वाटते की आतही चार टाकेच घातले असतील. आत काय केले जाते ते सांगते: त्याच पायाच्या मांडीमागच्या स्नायूंच्या कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, काढून घेतात, त्यांना दुमडून चौपदरी गोफ करतात, मांडीच्या आणि नडगीच्या हाडांतून बोगदे पाडतात, त्यांतून तो गोफ ओवतात आणि वर धातूचे बटण व खाली स्क्रू लावून ताणून बसवतात. म्हणजे एक मोडलेली जागा सावरण्यासाठी त्याच पायात आणखी तीन ठिकाणी मोडतोड केलेली असते. एवढे होऊनही शाळेत रजेचा अर्ज दिला तेव्हा ‘ऑपरेशन लहानच होतं ना, मॅडम?’ असे हसतमुखाने विचारण्यात आले, आणि रुजू झाल्यावर मला दुसऱ्या मजल्यावरचे वर्ग देण्यात आले, कारण अर्थातच, मला चालता येत होते.

लोकांना शरीरशास्त्र माहीत नाही याचा मला राग नाही. राग याचा आहे की हे लोक ज्या काळात सर्वांत निर्धास्त होतात, तोच काळ सर्वांत धोक्याचा असतो. बसवलेली कंडरा पहिल्या दिवसापासून अस्थिबंधाचे काम करू शकत नाही. तिच्यातल्या जुन्या पेशी मरतात, तिला नवा रक्तपुरवठा सुरू होतो, आणि या उलथापालथीत साधारण ६ ते १२ आठवड्यांच्या दरम्यान ती सर्वाधिक कमकुवत असते. नेमक्या त्याच सुमारास दुखणे थांबलेले असते, कुबड्या सुटलेल्या असतात, लंगडणेही जवळजवळ गेलेले असते आणि घरात, दारात, शाळेत सगळे एकमुखाने म्हणू लागतात की आता बरी झाली, आता हिला गॅस सिलिंडर सरकवायला सांगायला हरकत नाही.

घरच्या माणसांबद्दल लिहिताना हात थोडा आखडतो, पण उशीबद्दल लिहिलेच पाहिजे. या शस्त्रक्रियेनंतर पहिली लढाई गुडघा वाकवण्याची नसते, तो पूर्ण सरळ करण्याची असते. त्यासाठी टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा अधांतरी सोडून द्यायचा असतो. ते दुखते, आणि पाहणाऱ्याला ते निर्दयपणाचे वाटते. म्हणून माझा डोळा लागला की कोणीतरी अतिशय मायेने येऊन ती गुंडाळी काढून घेई आणि गुडघ्याखाली मऊ उशी सारून जाई. त्या उशीवर गुडघा अर्धवट वाकून राहतो, आखडतो आणि आदल्या दिवशी घाम गाळून मिळवलेले चार अंश सकाळी हातातून गेलेले असतात. सासूबाईंना हे मी समजावून सांगितले, फिजिओथेरपिस्टकडूनही सांगवले, तरी ‘पोरीचा पाय लोंबकळतोय, बघवत न्हाई’ हा त्यांचा मुद्दा शेवटपर्यंत अबाधित राहिला. त्यानंतर तेलाची बाटली घेऊन एक आत्या आल्या. सुजलेली पोटरी जोरजोरात चोळण्याचा त्यांचा निर्धार पाहून, शस्त्रक्रियेनंतर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते आणि अशा वेळी चोळणे घातक ठरते, हे मला ओरडून सांगावे लागले. त्या रागावून गेल्या, आणि आता गावात असे झाले आहे की मी शिकलेली असल्यामुळे मला मोठ्यांचा मान ठेवता येत नाही. पायाच्या सुपाबद्दल मात्र माझी काही तक्रार नाही. त्याने अस्थिबंध जुळत नाही, पण सूप उत्तम होते.

भेटायला येणाऱ्यांपैकी निम्म्यांची अशी समजूत असते की माझी वाटी बदलली आहे. ‘आमच्या आईची पण बदलली, महिन्यात देवळात जाऊन आली की’, असे म्हणून ते मला धीर देतात. झिजलेला सांधा बदलणे आणि तुटलेला अस्थिबंध नव्याने घालणे या दोन सर्वस्वी वेगळ्या शस्त्रक्रिया आहेत, त्यांची कारणे वेगळी आणि त्यानंतरचे महिनेही वेगळे. पण हे सांगायला तोंड उघडले की समोरचा माणूस चहाच्या कपात बघू लागतो.

हा गोंधळ पाहुण्यांपुरता असता तर मी तो गिळला असता. ज्या हॉस्पिटलात पाय उघडला तिथेही मला व्यायामाचा जो कागद दिला गेला, तो झेरॉक्स काढून काढून पुसट झालेला असला तरी एवढे वाचता येत होते की तो सांधा बदललेल्या वृद्धांसाठी तयार केलेला आहे. त्याचे शेवटचे उद्दिष्ट ‘आधाराशिवाय जिना चढणे’ हे होते. तपासणीच्या वेळी मी विचारले की पळायला केव्हा सुरुवात करता येईल, तर डॉक्टरांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, ‘आता कशाला पळायचंय, ऑलिम्पिकला जायचंय का?’ बाजूची नर्स हसली. माझ्यानंतर आत गेलेल्या विशीतल्या फुटबॉलपटूला हेच उत्तर मिळाले असते का, हा प्रश्न मी तेव्हा विचारला नाही, म्हणून इथे विचारते. पळण्याआधी मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद मोजावी लागते, खेळात परतण्याआधी ती दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के असावी असे मानले जाते, एका पायावर उड्या मारून दोन्ही पायांची तुलना करावी लागते, आणि हे सगळे जमले तरी ९ महिन्यांच्या आत वळणावळणाच्या खेळात उतरणे म्हणजे पुन्हा तुटण्याला आमंत्रण असते. यातले एक अक्षरही त्या कागदावर नव्हते. फिजिओथेरपीच्या नावाखाली आधी मला मिळाला तो शेक, करंट आणि पलीकडच्या टेबलावरच्या आजोबांबरोबर केलेल्या त्याच दहा-दहा पाय उचलण्या. मांडीचा स्नायू वाळून गेलेला डोळ्यांना दिसत असताना त्याच्यावर वजन घालण्याची गोष्ट कोणी काढायला तयार नव्हते. शेवटी शहराच्या दुसऱ्या टोकाला वजनांसह व्यायाम करून घेणारी एक मुलगी भेटली. ती पट्टीने मांडीचा घेर मोजते आणि कमी भरला की स्पष्टपणे सांगते, आणि या सगळ्या काळात माझ्याशी गंभीरपणे वागलेली ती एकमेव व्यक्ती आहे.

तिची फी मी स्वतः भरते. विमा कंपनीने शस्त्रक्रियेचे, स्क्रूचे, बटणाचे पैसे दिले, पण अनेक पॉलिसींप्रमाणे माझ्याही पॉलिसीत डिस्चार्जनंतरचा खर्च ६० दिवसांपुरताच मिळतो. नऊ महिने ज्याची गरज आहे त्याचा दोन महिन्यांनंतरचा सगळा भार माझ्यावर, आणि फोनवर त्यांचे म्हणणे काय? ‘मॅडम, तुम्हाला आता चालता येतंय ना?’

हे सारे कोल्हापुरात घडते आहे, याची मला अधिक चीड येते. शाहू महाराजांनी खासबागचे मैदान बांधलेले हे गाव, पेठापेठांत तालमी असलेले गाव, पाटाकडील आणि खंडोबा या तालमींच्या फुटबॉल सामन्याला शाहू स्टेडियम तुडुंब भरवणारे गाव. कुस्ती आणि फुटबॉल हे दोन्ही गुडघ्यांवर उठलेले खेळ आहेत, तेव्हा गुडघा पुन्हा उभा कसा करायचा याचे ज्ञान इथल्या हवेत असायला हवे होते. प्रत्यक्षात ‘त्याचा गुडघा गेला’ एवढ्या तीन शब्दांत चांगल्या पोरांचा खेळ संपतो, पुढच्या हंगामापासून तो पोरगा स्टँडवर बसून दुसऱ्यांना शिव्या घालू लागतो आणि कोणाला त्यात काही वावगे वाटत नाही. पोरांची ही कथा, तर चाळिशी ओलांडलेल्या बाईने पुन्हा रॅकेट धरण्याची भाषा केली की तो निव्वळ आगाऊपणा ठरतो.

(लांब पट्टा बांधलेला, न वाकणारा पाय घेऊन रिक्षात कसे बसायचे, हा स्वतंत्र विषय आहे. ‘ताई, पाय आत घ्या की’ असे म्हणणाऱ्या प्रत्येक रिक्षावाल्याला तो पट्टा एकेक दिवस बांधून द्यावा, एवढेच सुचवते.)

आणि आता ताजा प्रकार. दरवर्षी जुलैत आमचा गट पन्हाळ्याहून पावनखिंडीपर्यंत चालत जातो. यंदा मला ते जमणार नाही, हे मला त्या सगळ्यांपेक्षा अधिक नेमकेपणाने ठाऊक आहे, कारण चिखलात घसरणाऱ्या उतारावर अर्धवट ताकदीचा पाय काय करतो याचा विचार मी रोज करते. पण मला एका शब्दानेही न विचारता गटाने माझे नाव चालणाऱ्यांच्या यादीतून काढून जेवणाच्या गाडीबरोबर घातले आहे, आणि तेही ‘इथून पुढे दरवर्षी’ असे लिहून. गटप्रमुखांना मी फोन केला. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, ‘अहो, चालता येतंय ना तुम्हाला, मग देवाचे आभार माना की!’ मी त्यांना सांगितले की पुढच्या वर्षीच्या यादीत माझे नाव चालणाऱ्यांतच लिहा, आणि भाकऱ्यांची जबाबदारी ज्याला हे सुचले त्याच्याकडे द्या.