कोंबडीची पिलं चौथ्या दिवशी आईपासून तोडू नका

‘कोंबडी: सगळ्यात कडक आई’ असा एक मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतोय. त्यात ठासून सांगितलंय की पिलांच्या अंगावर लव असते, त्यामुळे त्यांना उबेची गरज नसते. चौथ्या दिवशी ती काढून घ्या, म्हणजे कोंबडी लवकर अंड्यावर येईल (पुन्हा अंडी घालू लागेल). शिवाय, कोंबडी पिलांना काही शिकवत नाही, माणसाचा हात लागलेलं पिलू टाकून देते, आणि मोठ्या पिलांना टोचून हाकलते, तसंच आपणही मुलांशी वागावं. माझ्या मावशीनं हे खरं मानलं आणि पिलं खोक्यात घालून पडवीत ठेवली. सकाळी त्यातली काही गारठून मेलेली होती.

लव म्हणजे पिसं नव्हेत. अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या पिलाला अंगातली ऊब स्वतः टिकवता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याला ३२ ते ३५ अंश सेल्सिअसची ऊब लागते, पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंशांनी ती कमी करत न्यायची. अंग पिसांनी नीट झाकायला पाच-सहा आठवडे जातात. पिलंवाल्या कोंबडीपाशी जरा वेळ बसून बघा. पिलं थोडं टिपतात, मग एकेक करून तिच्या पोटाखाली शिरतात; ती अंग फुगवून पंख सैल सोडते. काही वेळानं पंखाच्या फटीतून एक डोकं बाहेर येतं, आणि सगळी पुन्हा चरायला. दिवसभर हेच चालू असतं. ही ऊब काढून घेतली की पिलं कर्कश ओरडतात, खाणं सोडून एकमेकांवर चढतात आणि खालची चेंगरून मरतात.

पहिले दोन-तीन दिवस पिलू काही न खाता तगतं, कारण अंड्यातून बाहेर येण्याआधी उरलेला बलक त्यानं पोटात ओढून घेतलेला असतो. पण ती भुकेची सोय झाली, थंडीची नव्हे.

पिलं काढली की कोंबडी लवकर अंड्यावर येते, हे मात्र खरं आहे. मशीनवर उबवलेली पिलं आईविना वाढतात, हेही खरं. पण त्यांच्या डोक्यावर रात्रंदिवस ऊब देणारा दिवा किंवा ब्रूडर (पिलांना ऊब देणारं यंत्र) असतो. मेसेजात त्याचा एका शब्दानं उल्लेख नाही, आणि राग त्याचाच येतो.

‘शिकवत नाही’ म्हणणाऱ्यांनी क्रिस्टीन निकोल आणि स्टुअर्ट पोप या कोंबड्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांचा १९९६ सालचा प्रयोग पाहावा. एका रंगाचं खाणं चांगलं आणि दुसऱ्या रंगाचं बेचव, हे त्यांनी कोंबड्यांना आधी शिकवलं. मग पिलं त्या ‘बेचव’ रंगाचं खाणं खाताना दिसली, तेव्हा कोंबड्या चांगल्या खाण्यावर जास्त जोरानं चोच मारू लागल्या, उकरू लागल्या. म्हणजे पिलू चुकतंय हे आईला कळतं आणि ती त्यावर काहीतरी करते. ती चोचीत घास भरवत नाही, एवढं मान्य. दाणा उचलते, समोर टाकते, टुक् टुक् करून बोलावते.

हात लावला म्हणून कोंबडी पिलू टाकत नाही. खुडूक (अंडी उबवायला बसलेल्या) कोंबडीखाली रात्री दुसरीकडची पिलं हातानं सरकवून ठेवतात आणि ती त्यांनाही वाढवते. तुमच्या हाताला टोचेल, ते वेगळं.

राहिलं हाकलणं. ते खरं आहे, पण केव्हा? बहुतेक पाच ते आठ आठवड्यांनी, जेव्हा पिलांना पिसं आलेली असतात आणि आपलं आपण टिपता येतं. तोवर हीच आई घारीवर धावून जाते. हाकलते तेव्हा तिचं शरीर पुन्हा अंड्यांच्या तयारीला लागलेलं असतं; पिलांना धडा देण्याचा त्यात काही संबंध नाही. मधले सगळे आठवडे गाळून शेवटचं टोचणं तेवढं उचलायचं आणि त्यावरून आईबापांना उपदेश करायचा, हा खोटेपणा आहे.

एखादी कोंबडी लवकर टोचायला लागली आणि पिलांची पिसं भरलेली नसली, तर पिलं जरूर वेगळी करा. मात्र दिवा आधी लावा. तो एका कोपऱ्यात असू द्या, म्हणजे गरम झालं तर पिलांना बाजूला सरकता येईल. पाण्याचं भांडं उथळ ठेवा आणि त्यात खडे टाका, नाहीतर पिलं बुडतात.