केबल ताणायची का नाही?

पहिल्या पिढीची मझदा एमएक्स-५. मागचं डावं चाक तापतंय आणि हँडब्रेक ओढला तरी गाडी चढावर थांबत नाही. एवढ्यावरून कट्टा पेटला.

"हँडब्रेकची केबल ताणा, दोन मिनिटांचं काम," संद्या म्हणाला.

"आणि चाक आणखी तापवा!" नाना उसळले. "हँडब्रेकची यंत्रणा मागच्या कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या, आतच आहे. केबल ताणली की कॅलिपरवरची लिव्हर पूर्ण परत येत नाही. मग पॅड घासत राहतात आणि पॅड झिजतील तशी फट भरून काढणारा आतला अॅडजस्टरही काम करत नाही. आधी कॅलिपर, मग केबल."

"पण अडकलंय कुठं, हे कळणार कसं?"

"पुढच्या चाकांना ठोकळे लाव. हँडब्रेक सोडलेला असतो, त्यामुळं हे विसरून चालणारच नाही. मागून उचलून स्टँडवर घे, गिअर न्यूट्रल कर, चाक हातानं फिरव. जड लागलं तर लिव्हरवरून केबल काढ. चाक सुटलं तर केबल आवरणात गंजलीय. नाही सुटलं तर निप्पल, म्हणजे कॅलिपरवरचा एअर काढायचा स्क्रू, थोडा ढिला कर. ब्रेक ऑइल जोरात उडालं आणि चाक मोकळं झालं तर बहुतेक होज, म्हणजे ऑइलचा रबरी पाइप, आतून सुजलाय. तरीही जाम असेल तर पॅड दाबणारा पिस्टन अडकलाय, नाहीतर कॅलिपर जिच्यावर सरकतो ती पिन."

"एवढं करण्यापेक्षा नवा कॅलिपर टाकावा," बाळ्या म्हणाला.

"पॅड न बघता? आतला पॅड संपलाय आणि बाहेरचा जाड राहिलाय, तर आधी पिनच बघ. साफ कर, सिलिकॉन ग्रीस लाव. साध्या ग्रीसनं रबर फुगतं, पिन पुन्हा अडकते. पिस्टनला गंजाचे खड्डे पडले असतील तर मात्र बदल, तिथं माझा वाद नाही. फक्त निप्पल वरच्या बाजूला आलाय ना ते बघ. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला तर निप्पल खाली जातो, हवा वर कोंडते आणि कितीही एअर काढली तरी पेडल मऊच राहतं."

"एअर काढताना पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवावा, म्हणजे ते पूर्ण खाली जात नाही," संद्यानं भर घातली. "जुन्या मास्टर सिलिंडरचं, म्हणजे पेडलनं ऑइल दाबणाऱ्या नळकांड्याचं, सील रोज जिथं जात नाही त्या गंजक्या भागावर घासलं की गळायला लागतं."

"हे बरोबर बोललास!"

"नवे पॅड बसवायला पिस्टन सी-क्लॅम्पनं दाबायचा ना?" बाळ्यानं विचारलं.

"अजिबात नाही, अॅडजस्टर मोडेल. कॅलिपरच्या मागचा छोटा बोल्ट काढ. आत ४ मिमीची अॅलन की बसते. घड्याळाच्या उलट फिरवलं की पिस्टन मागे जातो. पॅड बसले की सुलट फिरव, डिस्क पकडली जाईपर्यंत. मग एक तृतीयांश फेरा उलट. चाक हातानं सहज फिरायला हवं. काही गाड्यांत मात्र पिस्टनच दाबत फिरवावा लागतो, तिथं ही युक्ती चालत नाही."

"मग केबल?"

"आता ताण. हँडब्रेक ५ ते ७ टकटकीत धरला पाहिजे, आणि सोडल्यावर दोन्ही लिव्हर आपापल्या स्टॉपला टेकल्या पाहिजेत. एक जरी अधांतरी राहिली तरी केबलचा नट परत ढिला कर."